प्रमाद कोणाचा? फुकुशिमा येथील पहिल्या अणुभट्टीचे कागद व मानवी चुकीचें मोजमाप

१

घोर संकटाच्या वेळीं यंत्रापुढें बसलेल्या मनुष्याच्या हातून चूक होण्याचा संभव किती, हें अंकांनीं सांगण्याचें एक शास्त्र गेल्या अर्ध्या शतकांत अणुविद्युत्-केंद्रांच्या निमित्तानें उदयास आलें आहे. हें शास्त्र इंजिनियरांचें. त्याचा इतिहास-संशोधनाशीं संबंध काय, अशी शंका या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं येईल. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, अमुक घटिकेस अमुक मनुष्यास काय ठाऊक होतें, त्याच्यापुढें कोणता कागद होता, कोणती बातमी त्याच्यापर्यंत पोहोंचली व कोणती वाटेंत राहिली, हें ठरविल्यावांचून त्याच्या कृत्यास चूक हें नांव देतां येत नाहीं; आणि हें ठरविणें हाच आमचा नित्याचा उद्योग होय. पानिपतच्या मोहिमेंत कोणत्या दिवशीं भाऊसाहेबांस कोणती बातमी होती, हें पत्रें तारीखवार लाविल्यावांचून त्यांच्या निर्णयाची परीक्षा होऊं शकत नाहीं. तोच न्याय अणुभट्टीच्या चालकासही लागू आहे.

प्रस्तुत लेखासाठीं आम्हीं जपानांतील फुकुशिमा दाइइची या केंद्राच्या पहिल्या भट्टीचें प्रकरण निवडलें आहे. ११ मार्च २०११ च्या दुपारपासून त्या रात्रीपर्यंतचे अवघे कांहीं तास येथें विचारांत घ्यावयाचे आहेत. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, त्या रात्रीं नियंत्रण-कक्षांत जी चूक झालेली दिसते, तिचा बहुतेक भाग त्या रात्रीपूर्वींच कागदांवर घडून चुकला होता. आणि संकटांतील मानवी चुकीचें माप घेऊं पाहणारानें मनुष्याचा हात पाहण्यापूर्वीं त्या हातांत कोणते कागद दिले होते व कोणते दिले नव्हते, हें पाहिलें पाहिजे.

२

प्रथम या शास्त्राची थोडक्यांत हकीकत सांगणें जरूर आहे. अमेरिकेंत नॉर्मन रासमुसेन यांच्या देखरेखीखालीं अणुभट्ट्यांच्या धोक्याविषयींचा एक विस्तृत अहवाल ऑक्टोबर १९७५ मध्यें प्रसिद्ध झाला. यंत्राचा एखादा भाग नादुरुस्त होण्याच्या संभवाबरोबर माणसाची चूक होण्याचा संभवही त्यांत हिशेबीं धरिला होता. पुढें २८ मार्च १९७९ रोजीं पहांटे ४ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील थ्री माइल आयलंड येथें अपघात झाला. दाब कमी करणारी एक झडप उघडी राहून गेली होती. परंतु फलकावरील दिवा ती बंद असल्याचें सुचवीत होता. वस्तुतः झडपेस बंद होण्याची आज्ञा गेली, एवढेंच तो दिवा सांगत होता; आज्ञा पाळली गेली कीं नाहीं, हें सांगण्याची सोयच त्यांत नव्हती. चालकांनीं दिव्यावर विश्वास ठेविला, दुसऱ्या एका दर्शकांत पाणी अधिक दिसलें म्हणून भट्टींत जाणारें पाणी कमी केलें, आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. हुकूम सुटला म्हणजे तो अमलांत आला असें समजून लिहिलेल्या बखरींशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस हा प्रमाद नवीन वाटणार नाहीं.

यानंतर सँडिया प्रयोगशाळेंतील ॲलन स्वेन व त्यांचे सहकारी गटमन यांचा मोठा ग्रंथ १९८३ मध्यें बाहेर पडला. त्यांतील कोष्टकांत असें दिलें आहे कीं, असाधारण घटना ओळखण्यास १० मिनिटें मिळालीं तर ती न ओळखली जाण्याचा संभव दहांत एक, २० मिनिटें मिळालीं तर शंभरांत एक, आणि ३० मिनिटें मिळालीं तर हजारांत एक. म्हणजे जसजसा वेळ अधिक, तसतशी चूक कमी. २००० मध्यें अमेरिकेच्या अणुनियामक मंडळानें अथीना नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तिनें मनुष्याच्या स्वभावापेक्षां 'प्रमादास भाग पाडणारी परिस्थिति' शोधण्यावर भर दिला. २००५ मध्यें स्पार-एच नांवाची सुटसुटीत पद्धति आली. तींत परिस्थिति ओळखण्यांतील मूळ चूक शंभरांत एक, म्हणजे ०.०१ धरितात, आणि परिस्थितीच्या कठीणपणाप्रमाणें तिला गुणीत जातात.

फुकुशिमाच्या त्या रात्रीस ही शेवटची पद्धति लावून आम्हीं हिशेब करून पाहिला. मनावरील ताण पराकाष्ठेचा, म्हणून ५ नें गुणावें. दर्शकें नाहींत किंवा खोटें दाखवितात, म्हणून ५० नें. अशा प्रसंगाचा अनुभव नाहीं, म्हणून १० नें. एकंदर गुणक २५०० झाला आणि गुणाकार २५ आला. संभव तर १ च्या वर जाऊं शकत नाहीं. त्यासाठीं त्या पद्धतींतच एक दुरुस्तीचें सूत्र दिलेलें आहे. तें लाविलें असतां उत्तर सुमारें ०.९६ येतें. म्हणजे शंभर चालकांस त्या खोलींत बसविलें, तर शहाण्णव चुकतील! येथें अंक मनुष्याविषयीं बोलण्याचें सोडून परिस्थितीविषयीं बोलूं लागतो. ज्या जागीं बहुतेक सर्वच चुकणार, त्या जागीं चुकणाऱ्या एकाचें नांव घेऊन काय साधणार? ती जागा तशी कोणीं व केव्हां केली, हाच खरा प्रश्न उरतो. आणि तो कागदपत्रांवांचून सुटणारा नाहीं.

३

या प्रकरणाचीं साधनें विपुल आहेत. तथापि त्यांची प्रतवारी लाविल्यावांचून तीं वापरणें धोक्याचें होय.

पहिल्या प्रतीचें साधन म्हणजे यंत्रांनीं स्वतः काढलेलीं नोंदपत्रें. दाब, उष्णता, पाण्याची पातळी यांच्या रेघा कागदाच्या पट्ट्यांवर सतत उमटत असतात. हे कागद अस्सल, समकालीन व निःपक्षपाती होत. परंतु समुद्राच्या लाटेनें वीज गेली, त्याच क्षणीं त्यांतील रेघा तुटतात. जेथून खरा वाद सुरू होतो, तेथेंच हें दफ्तर त्रुटित आहे. दुसऱ्या प्रतींत पाळीवरील चालकांच्या रोजनिश्या व नियंत्रण-कक्षांतील पांढऱ्या फळ्यांवर केलेलीं टिपणें येतात. विजेरीच्या उजेडांत काम करणाऱ्या मंडळींनीं लिहिलेलीं हीं टिपणें तुटक आहेत. पण तीं त्या त्या घटिकेचीं आहेत, हा त्यांचा मोठा गुण. केंद्राची मालक टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनी हिनें हे दोन्ही प्रकारचे कागद मे २०११ मध्यें प्रसिद्ध केले. तिसऱ्या प्रतींत केंद्र व कंपनीची मुख्य कचेरी यांच्यामध्यें दूरचित्राच्या योगें चाललेल्या बैठकींचीं मुद्रणें येतात. तीं ऑगस्ट २०१२ पासून बाहेर आलीं. परंतु त्यांच्या पुष्कळ भागास आवाजच नाहीं.

चौथी प्रत जबान्यांची. योतारो हातामुरा यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीनें ७७२ लोकांच्या जबान्या घेतल्या. कियोशी कुरोकावा यांच्या अध्यक्षतेखालील पार्लमेंटच्या समितीनें ११६७ लोकांच्या. दोन्ही समित्यांचे शेवटचे अहवाल जुलै २०१२ मध्यें प्रसिद्ध झाले. जबानी ही नंतरची असते, आणि बोलणारास तोंपर्यंत शेवट ठाऊक झालेला असतो. म्हणून तिचा उपयोग पहिल्या दोन प्रतींशीं ताडून पाहिल्यावरच करावा.

मूळ कागद न पाहतां उताऱ्यावर विसंबल्यानें काय होतें, याचा दाखला याच प्रकरणांत मिळतो. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांची जबानी गुप्त असतां असाही शिंबुन या दैनिकानें मे २०१४ मध्यें तिच्या आधारें अशी बातमी दिली कीं, १५ मार्चच्या सकाळीं सुमारें ६५० माणसें केंद्रप्रमुखाचा हुकूम मोडून निघून गेलीं. पुढें ११ सप्टेंबर २०१४ रोजीं सरकारनें ती जबानी प्रसिद्ध केली, तेव्हां हुकूम मोडल्याचा अर्थ तींतून निघत नाहीं, असें उघड झालें. त्याच दिवशीं त्या दैनिकानें बातमी मागें घेऊन क्षमा मागितली. शेंकडों माणसांची अब्रू एका उताऱ्याच्या वाचनावर टांगलेली होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरा दाखला हरताळ फासण्याचा. संकटकालीं काय करावें हें सांगणारी कंपनीची नियमपुस्तिका पार्लमेंटच्या एका समितीनें सप्टेंबर २०११ मध्यें मागविली, तेव्हां ती बहुतेक ओळींवर काळी शाई फिरवून सादर करण्यांत आली. ऑक्टोबर २०११ मध्यें तत्कालीन नियामक खात्यानें शाईवांचूनचा मजकूर प्रसिद्ध केल्यावरच चालकांच्या हातीं नेमकें काय दिलें होतें, हें लोकांस कळलें.

४

आतां घटनाक्रम पाहूं. ११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं ९.० प्रतीचा भूकंप झाला. त्या वेळीं केंद्राच्या सहा भट्ट्यांपैकीं पहिल्या तीन चालू होत्या. त्या आपोआप बंद पडल्या. बाहेरची वीज तुटली, पण डिझेल जनरेटर सुरू झाले. भट्टी बंद झाली तरी गाभ्यांतील उष्णता पुष्कळ काळ निघत राहते. ती काढून न नेल्यास पाणी उकळून जातें व गाभा उघडा पडतो. पहिल्या भट्टीस यासाठीं आयसोलेशन कंडेन्सर नांवाची योजना होती. भट्टींतील वाफ नळानें वर जाऊन टांकींतील थंड पाण्यांतून फिरते, तिचें पाणी होतें, व तें आपल्या भारानेंच परत खालीं येतें. यास पंप लागत नाहीं; झडपा उघड्या असल्या म्हणजे झालें. टांकींतील पाणी सुमारें ८ तास पुरेल, अशी योजना होती.

२ वाजून ५२ मिनिटांनीं दोन्ही कंडेन्सर आपोआप सुरू झाले. ३ च्या सुमारास चालकांनीं ते बंद केले. कारण भट्टी तासास ५५ अंशांहून अधिक वेगानें निवूं देऊं नये, असा लेखी नियम होता. त्यानंतर 'अ' कंडेन्सरची एक झडप उघडबंद करून ते दाब सांभाळीत होते. सुमारें ३ वाजून ३५ मिनिटांनीं मोठी लाट आली. केंद्राची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटर उंच. पाणी सुमारें १४ ते १५ मीटर चढलें. ३ वाजून ३७ मिनिटांनीं पहिल्या भट्टीचे जनरेटर गेले, आणि पाठोपाठ बॅटऱ्यांची वीजही गेली. फलकावरील दिवे विझले. झडप त्या क्षणीं मिटलेली होती कीं उघडी, हें सांगणारें कांहींही उरलें नाहीं.

सायंकाळीं ४ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास पाण्याच्या पातळीचें एक दर्शक थोडा वेळ दिसूं लागलें. पातळी उतरत होती, आणि पुन्हां तें दर्शक मावळलें. ५ वाजून ५० मिनिटांनीं कंडेन्सर पाहण्यास निघालेलीं माणसें किरणोत्सर्ग अधिक आढळल्यानें भट्टीच्या इमारतीच्या दारांतून परत फिरलीं. ६ वाजून १८ मिनिटांनीं कांहीं दिवे पुन्हां लागले व दोन झडपा मिटलेल्या दिसल्या. चालकांनीं त्या उघडल्या. थोडी वाफ निघाली, व मग ती थांबली. टांकींतील पाणी संपलें असावें, तसें असल्यास नळ फुटून किरणोत्सर्गी वाफ बाहेर पडेल, या भीतीनें ६ वाजून २५ मिनिटांनीं त्यांनीं एक झडप पुन्हां मिटली. रात्रीं ९ वाजून १९ मिनिटांनीं पातळीचें दर्शक चालू करण्यांत यश आलें. त्यानें गाभ्याच्या माथ्यावर २० सेंटिमीटर पाणी दाखविलें. सर्वांस हायसें वाटलें. ९ वाजून ३० मिनिटांनीं झडप पुन्हां उघडली. परंतु ११ च्या सुमारास किरणोत्सर्गाचे व मध्यरात्रीपूर्वीं दाबाचे जे आंकडे आले, त्यांचा मेळ त्या पातळीशीं बसेना. दुसऱ्या दिवशीं, १२ मार्च रोजीं दुपारीं ३ वाजून ३६ मिनिटांनीं हायड्रोजनच्या स्फोटानें इमारतीचा माथा उडाला. नंतर केलेल्या गणितावरून असें दिसतें कीं, गाभा आदल्या सायंकाळीं ६ च्या सुमारासच उघडा पडूं लागला होता.

५

या क्रमांत चालकांच्या माथीं मारल्या जाणाऱ्या चुका तीन. कंडेन्सर बंद केला. ६ वाजून २५ मिनिटांनीं झडप पुन्हां मिटली. आणि कंडेन्सर चालू नाहीं, हें पुष्कळ वेळ कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. यांची परीक्षा क्रमानें करूं.

पहिली चूक मुळीं चूकच नव्हे. लाट येणार आहे हें ठाऊक नसतां नियमपुस्तिकेंतील ओळ त्यांनीं पाळली. पाळली नसती, तर तीच त्यांची चूक ठरली असती. शेवट ठाऊक असलेल्या वाचकानें मागें जाऊन दोष लावणें हा बखरकाराचा न्याय झाला, संशोधकाचा नव्हे.

दुसऱ्या कृत्याचें कारण खोटें ठरलें, हें खरें. ऑक्टोबर २०११ मध्यें पाहणी झाली, तेव्हां त्या टांकींत सुमारें ६५ टक्के पाणी शिल्लक होतें. परंतु त्या सायंकाळीं टांकींतील पाणी दाखविणारें दर्शक त्यांच्यापुढें चालू नव्हतें. वाफ थांबली याचे दोन अर्थ होते: टांकी कोरडी पडली, किंवा भट्टींतून वाफ येतच नाहीं. दुसरा अर्थ खरा मानण्यासाठीं आंतल्या झडपा मिटल्या असाव्या, हें सुचावयास पाहिजे होतें. आणि येथेंच मर्माची गोष्ट येते. त्या झडपांची रचना अशी होती कीं, नळ फुटल्याचें ओळखणाऱ्या मंडलाची वीज गेली, तर नळ फुटलाच असें समजून त्या आपोआप मिटाव्या. एका संकटापासून रक्षण करण्यासाठीं केलेली ही योजना दुसऱ्या संकटांत घातक ठरली. ती रचना नकाशांत स्पष्ट होती. पण वीज गेली म्हणजे कंडेन्सरही गेला असें समजावें, हा निष्कर्ष चालकांच्या शिक्षणांत उतरलेला नव्हता. खरा कंडेन्सर चालवून पाहिलेला मनुष्य त्या पाळीवर एकही नव्हता. १९७१ पासून चालत असलेल्या भट्टीच्या संकटकालीन साधनाची वाफ कशी दिसते व तिचा आवाज कसा येतो, हें ओळखणारा साक्षीदारच नव्हता.

तिसरी चूक मात्र विचारणीय आहे. पातळी उतरल्याची क्षणिक खूण आणि दारांतील किरणोत्सर्ग या दोन खऱ्या बातम्या आधीं आल्या होत्या. केंद्राच्या आपत्कालीन कचेरींतील तांत्रिक मंडळींनीं तर ५ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास असा हिशेब केला होता कीं, पातळी अशीच उतरली तर तासाभरांत पाणी गाभ्याच्या माथ्यापर्यंत येईल. त्या हिशेबाचा पाठपुरावा झाला नाहीं. झडप मिटल्याची जाणीवही त्या कचेरींत झाली नाहीं. दोन्ही जागांमध्यें एका दूरध्वनीवरच सारा भार होता, आणि ऐकणारास सहा भट्ट्यांची काळजी होती. रात्रीं जी तिसरी बातमी आली ती खोटी होती. पण ती आंकड्यांत होती, म्हणून ती मान्य झाली. पातळीचें तें दर्शक एका बारीक नळींतील स्थिर पाण्याशीं तुलना करून चालतें. उष्णतेनें त्या नळींतील पाणीच उडून गेलें, कीं पातळी आहे त्याहून अधिक दिसते. अनेक तुटक अस्सल टिपणांपेक्षां एक नेटका पण दूषित कागद विश्वासार्ह वाटावा, हा मोह आमच्या क्षेत्रांत कोणास अपरिचित आहे? योशिदा यांनीं आपल्या जबानींत कंडेन्सर चालू आहे असें आपण गृहीत धरिलें, याविषयीं खंत प्रकट केली आहे. ती प्रामाणिक आहे. तथापि कोष्टकांतील वेळ व चूक यांचा नियम येथें उलटा झालेला दिसतो. त्यांस ३० मिनिटें नव्हे, तर अनेक तास मिळाले होते. परंतु वेळ ज्ञान वाढवितो तो ज्ञानाचीं द्वारें उघडीं असल्यासच. अंधारांत गेलेला वेळ केवळ पहिली समजूत घट्ट करतो.

६

आतां त्या रात्रीच्या मागें जाऊं. सर्व वीज दीर्घकाळ जाण्याचा विचार केलाच नव्हता काय? केला होता, आणि लेखी बाजूस सारिला होता. जपानच्या अणुसुरक्षा आयोगानें १९९० मध्यें केलेल्या नियमांच्या टीकेंत असें नमूद आहे कीं, वीजवाहक तारा किंवा जनरेटर दुरुस्त होण्याची अपेक्षा असल्यानें दीर्घकाळ वीज जाण्याचा विचार करण्याचें कारण नाहीं. या एका वाक्यानें चालकांच्या पुस्तिकेंतील पुढचीं सारीं पानें कोरीं ठेविलीं.

लाटेची गोष्ट तर आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. जपानच्या सहा राजकीय इतिहासांपैकीं शेवटचा निहोन सान्दाइ जित्सुरोकु हा ग्रंथ ९०१ मध्यें पूर्ण झाला. त्यांत जोगान शकाच्या ११ व्या वर्षीं, म्हणजे ८६९ मध्यें, मुत्सु प्रांतांत मोठा भूकंप होऊन समुद्र किल्ल्यापर्यंत चढून आला व सुमारें १००० माणसें बुडालीं, अशी नोंद आहे. हा मजकूर दरबारी आलंकारिक भाषेंतला. तो अतिशयोक्तीचा समजून सोडून देणें सोपें होतें. परंतु १९९० च्या सुमारास सेंदाइच्या मैदानांत भूस्तर उकरून पाहतां समुद्रानें आंत आणून टाकलेल्या वाळूचा थर सांपडला, व ग्रंथाची साक्ष जमिनीनें पटविली. जून २००९ मध्यें सरकारी तज्ज्ञमंडळाच्या बैठकींत भूशास्त्रज्ञ युकिनोबु ओकामुरा यांनीं फुकुशिमाच्या संदर्भांत या लाटेचा प्रश्न काढिला होता.

कंपनीच्या दफ्तरांतही कागद होते. २००२ मध्यें तिनें लाटेची संभाव्य उंची ५.७ मीटर धरिली होती. २००८ मध्यें सरकारी भूकंप-संशोधन कचेरीच्या मताप्रमाणें केलेल्या अंतर्गत हिशेबांत ती १५.७ मीटरपर्यंत गेली. त्यावर भिंत बांधण्याऐवजीं अधिक अभ्यास करविण्याचा निर्णय झाला. हा आंकडा नियामक खात्यापुढें ठेवण्यांत आला तो ७ मार्च २०११ रोजीं, म्हणजे लाटेपूर्वीं चार दिवस! उलट, तोहोकु इलेक्ट्रिक पॉवर कंपनीनें त्याच किनाऱ्यावर ओनागावा येथील केंद्र १४.८ मीटर उंचीवर बांधिलें होतें. भूकंपानें तेथील जमीन सुमारें एक मीटर खचली व लाट सुमारें १३ मीटर चढली. तथापि केंद्र वांचलें. ओनागावाच्या चालकांस त्या रात्रीं तशी परीक्षा द्यावीच लागली नाहीं. ते अधिक शहाणे होते असें नव्हे. त्यांच्या पायाखालची जमीन उंच होती.

७

यावर असा आक्षेप निघेल कीं, मग मनुष्याच्या धैर्यास व कौशल्यास कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, परंतु तो कोठें आहे हें पाहावें. दाइइचीच्या दक्षिणेस सुमारें १२ किलोमीटरांवर त्याच कंपनीचें दाइनी हें केंद्र आहे. तेथेंही लाट चढली व चारपैकीं तीन भट्ट्यांचे थंड करणारे पंप निकामी झाले. परंतु बाहेरील विजेची एक वाहिनी टिकली. त्यामुळें नियंत्रण-कक्षांतील दर्शकें दिसत राहिलीं. केंद्रप्रमुख नाओहिरो मासुदा यांनीं जें कळलें तें फळ्यावर लिहून सर्वांपुढें ठेविलें. सुमारें २०० माणसांनीं जवळजवळ ९ किलोमीटर जाड केबल हातांनीं ओढून नेली, आणि १५ मार्चच्या सकाळपर्यंत चारही भट्ट्या निवाल्या. कंपनी तीच, शिक्षण तेंच, भूकंप तोच. भेद मुख्यतः दिसण्यांत व न दिसण्यांत होता. ज्यास परिस्थिति दिसते, त्याचें धैर्य कामास येतें.

दुसऱ्या बाजूनें, परिस्थितीच्या नांवाखालीं सर्वांसच मुक्त करणेंही आम्हांस मान्य नाहीं. तिसऱ्या भट्टीच्या बॅटऱ्या टिकल्या होत्या व तिचीं दर्शकेंही दिसत होतीं. १३ मार्च रोजीं पहांटे २ वाजून ४२ मिनिटांनीं तिची जोरदार पाणी भरण्याची योजना चालकांनीं हातानें बंद केली. पर्यायी मार्ग खरोखर खुला झाला आहे, याची खातरी आधीं करून घेतली नव्हती. तो खुला झाला नाहीं. ही गोष्ट आपत्कालीन कचेरीस ३ वाजून ५५ मिनिटांपर्यंत कळली नाहीं. येथें निर्णय पारखण्यास जागा आहे, व सरकारी समितीनेंही त्यावर ठपका ठेविला आहे. पहिल्या भट्टीचा अंधार व तिसऱ्या भट्टीची घाई या दोहोंस 'मानवी चूक' हें एकच नांव देऊन एकाच कोष्टकांत घालणें, हाच खरा पद्धतिदोष होय.

८

एवढ्या विवेचनावरून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न झाल्यासारख्या वाटतात. पहिली, संकटांतील चुकीचा अंक काढावयाचा तर तो त्या घटिकेस दिसणाऱ्या पुराव्यावरून काढावा, नंतर कळलेल्या शेवटावरून नव्हे. दुसरी, जेव्हां तो अंक १ च्या जवळ जाईल, तेव्हां चालकास अधिक शिकविण्यापूर्वीं त्याचे दिवे, त्याच्या बॅटऱ्या, त्याची पुस्तिका व त्याच्या पायाखालची उंची यांचा विचार करावा. दोष चालकावर ठेवून थांबलों, तर पुढच्या पाळीवर दुसरा मनुष्य बसेल आणि खोली तीच राहील. तिसरी, धोक्याचा हिशेब करणाऱ्यांनीं जुन्या ग्रंथांची साक्ष अलंकार म्हणून टाकून देऊं नये, आणि ग्रंथ सांभाळणाऱ्यांनीं ती केवळ आपसांत ठेवूं नये.

ही शेवटची सूचना आमच्या प्रांतासही लागू आहे. तारापूर येथील पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊं लागल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या असून फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीप्रमाणेंच पाणी उकळविणाऱ्या जातीच्या आहेत, आणि त्या समुद्रकाठींच आहेत. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं मकरान किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत येऊन पोहोंचली होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यापूर्वींच्या शतकांत कोंकणपट्टीवर समुद्र केव्हां, कोठें व किती चढला, याच्या नोंदी असतील तर त्या खाजगी दफ्तरांतील हिशेबांत, देवस्थानांच्या कागदांत, गलबतांच्या नुकसानीच्या यादींत, बुडालेल्या खाजणांच्या सूटपत्रांतच असावयाच्या. अशा ओळी राजकारणाच्या शोधांत असतांना आपण सहज ओलांडून जातों. ज्यांच्या संग्रहीं अशीं दफ्तरें असतील, त्यांनीं या दृष्टीनें तीं पुन्हां एकवार चाळावीं, आणि 'समुद्र चढला' एवढे दोन शब्द जरी आढळले, तरी तारीख, गांव व मूळ कागदाचा पत्ता यांसह ते प्रसिद्ध करावे, अशी आमची सर्व संग्राहकांस विनंति आहे.